तळ्याच्या गाळावर जीव लावणारे मामाजी

जगात कोण कशावर जीव लावील याचा नेम नाही. पण ज्या मातीतून पाणी खाली उतरत नाही अशा मातीवर जीव लावणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असावा, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. विदर्भभर सरकारी जीपमधून हिंडायचं, खड्डे खणवून घ्यायचे, खड्ड्यात उतरून मातीचे थर बघायचे आणि वर येऊन त्याचा अहवाल लिहायचा, या कामाचा सरकार त्यांना पगार देत होतं. सरकारनं पगार दिला नसता तरी त्यांनी हे काम केलंच असतं, असं मामीजींचं मत आहे. लग्न ठरल्यावर मी त्यांच्या पाया पडायला गेलो तेव्हा शिक्षण, नोकरी, गोत्र असलं काही त्यांनी विचारलं नाही. "तुमचं घर कोणत्या मातीवर आहे?" एवढंच विचारलं. मी जन्मात पहिल्यांदा या प्रश्नाचा विचार केला आणि भीत भीत म्हणालो, "मुरमावर असेल बहुतेक." मामाजींचा चेहरा पडला. मी गेल्यावर त्यांनी भाचीला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगा बरा आहे, पण मुरमाड दिसून राहिला. काही सांगतलं तर टिकणार नाही, खालून निघून जाईन." हे भाकीत खरं ठरलं असं माझी बायको आजही चारचौघांत सांगते.

माणसं ओळखायची त्यांची रीतच ही. थोरले मेहुणे काळ्या मातीचे, कारण "पावसात फुगते, उन्हात फाटते, मधात कोणाच्या कामाची नाही." शेजारचे वकील रेताड, कारण कितीही घाला, ओलावा धरत नाहीत. मातीची पारख मामाजी बोटांनी करतात आणि बोटांवर विश्वास बसला नाही तर दातांनी. चिमूटभर माती पुढच्या दातांत धरून हळूच घासायची. रेती करकरते, चिकणमाती लोण्यासारखी लागते, आणि तळ्याचा गाळ या दोघींच्या मधला, बारीक दळलेल्या पिठासारखा. ही सवय पुढे ताटापर्यंत आली. एका लग्नात व्याह्यांनी मोठ्या आग्रहानं झुणका वाढला. मामाजींनी तो पुढच्या दातांनी तपासला आणि भरल्या पंगतीत म्हणाले, "वा! अगदी तळ्याच्या गाळासारखा जमला." त्यांच्या लेखी याहून मोठी तारीफ नव्हती. व्याही अजून आमच्याशी बोलत नाहीत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सगळे फुलं पाठवतात, मामाजी ढेकळं पाठवतात. ढेकळाखाली 'सुप्रभात' लिहिलेलं असतं.

आता असा माणूस स्वतःसाठी प्लॉट घ्यायला निघाला म्हणजे काय होणार? नागपुरात प्रताप नगरच्या पलीकडे नवं लेआउट पडलं होतं. लोक सोबत वास्तुशास्त्रवाला घेऊन येत, मामाजी लोखंडी गिरमिट घेऊन गेले. विकणाऱ्यानं आधी उंचावरचे, रस्त्यालगतचे प्लॉट दाखवले. मामाजी मान हलवत पुढे पुढे गेले आणि अगदी शेवटी, सगळ्यात खोलगट कोपऱ्यात, जिथं पाच-सहा म्हशी चिखलात डोळे मिटून बसल्या होत्या तिथं थांबले. म्हणाले, "याहीले उठवा. हा प्लॉट माझा." म्हशी नाराजीनं उठल्या. मामाजींनी गिरमिट जमिनीत फिरवलं आणि बाहेर काढलं, तर काळ्या मातीच्या या मुलखात निघाला राखाडी रंगाचा, मऊ, गार गाळ. त्यात गंजाचे तांबूस ठिपके आणि नखाएवढ्या गोगलगायींचे पांढरे शंख. मामाजींचे डोळे भरून आले. "इथं तळं होतं," ते म्हणाले. सौदा हातचा जातो की काय या भीतीनं विकणारा गयावया करू लागला. "आईशप्पथ साहेब, इथं तळंगिळं काही नव्हतं! सात पिढ्यांत नव्हतं!" मामाजी त्याला शंख दाखवत, तो शपथा घेत. शेवटी "तळं होतं असं कबूल कर, तरच घेतो" अशी अट मामाजींनी घातली. प्लॉटमध्ये खोट आहे हे विकणाऱ्यानं मान्य करेपर्यंत सौदा अडून राहिला, असं त्या धंद्यात आधी कधी घडलं नसेल.

त्या प्लॉटवर त्यांनी घर बांधलं आणि मामीजींनी ते निभावलं. गल्लीतल्या प्रत्येकानं आपला प्लॉट मुरूम टाकून उंच करून घेतला. मामाजींनी टोपलंभरही मुरूम टाकू दिला नाही, कारण अशा मातीला झाकणं म्हणजे पाप. मग समोर सिमेंटचा रस्ता आला, तोही उंच. परिणामी सगळ्यांच्या घरात पायऱ्या चढून जातात, मामाजींच्या घरात उतरून जावं लागतं. पावसाळ्यात अंगणात पाणी साचतं ते पितृपक्ष उलटला तरी हलत नाही. पाहुणे विटांवरून उड्या मारत येतात आणि एखादा बेडूक त्यांच्याबरोबर आत येतो. दारं फुगून बसतात, म्हणून न्हाणीघरात जाण्याआधी बाहेर कुणीतरी धक्का मारायला आहे ना, याची खात्री करून घ्यावी लागते. ओल भिंतीतून वर वर चढते. मामाजी दरवर्षी तिच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करतात, जशी आपण मुलांची उंची भिंतीवर मोजतो. कंपाउंडची भिंत कलून शेजारच्या वकिलांच्या अंगणात डोकावू लागली तेव्हा वकील तावातावानं भांडायला आले. मामाजींनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं आणि ओला गाळ वजन कसं पेलत नाही, दाबला की बिचारा कसा बाजूला सरकतो, हे इतक्या मायेनं समजावलं की शेवटी वकीलच गाळाची माफी मागून गेले.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मामीजींचे गुडघे हसण्यावारी नेण्याच्या पलीकडे गेले. बारा महिने ओल्या फरशीवर वावरून त्यांना पावसाळ्यात खाटेवरून उठणंही जड होऊ लागलं. त्या बाईनं आयुष्यभर नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात मागितलं. जवळच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता, लिफ्ट होती, बाल्कनीत दिवसभर ऊन होतं. "मले कोरड्या जागेत राहायचं आहे," एवढंच त्या म्हणाल्या. मामाजी म्हणाले, "ठीक आहे वं. विकून टाकू." फ्लॅटवाला दिवाळीपर्यंत थांबायला तयार झाला, कारण हे घर विकल्याशिवाय तो फ्लॅट घेणं शक्य नव्हतं. मामाजींनी शब्द मनापासून दिला होता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. अडचण एवढीच होती की गिऱ्हाइकाशी बोलायचं काम त्यांच्याकडे होतं.

पहिलं जोडपं आलं, नवं लग्न झालेलं. मामाजींनी त्यांना अंगणाच्या मधोमध उभं करून जोरात उड्या मारायला लावल्या आणि "हललं का? खालून हललं का?" असं कौतुकानं विचारलं. दुसरे एक रिटायर्ड गृहस्थ आले, त्यांना भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा दाखवल्या. "औंदा तर खिडकीले हात लावला!" गृहस्थ छत्री विसरून गेले आणि ती न्यायलाही परत आले नाहीत. शेवटी दलाल वैतागला. माझ्यासमोरच म्हणाला, "काकाजी, तुम्ही घर विकून राहिले का घराची तक्रार करून राहिले?" मामाजींना हे फार लागलं. "तक्रार?" ते म्हणाले. "मी तारीफ करून राहिलो गा!"

नवरात्र उलटलं. काटोलहून एक संत्र्याचे बागायतदार बायकोला घेऊन येणार, असा निरोप आला. मुलांना शिकायला नागपुरात ठेवायचं म्हणून त्यांना घर हवं होतं. दिवाळीआधीचं हे शेवटचं गिऱ्हाईक. मामीजींनी मला फोन करून बोलावून घेतलं आणि दारातच हळू आवाजात सांगितलं, "जवाईबापू, ठेल्यावरून एक खर्रा घोटून आणा. मोठा." मला खरंच वाटेना. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला हा नागपुरी खर्रा सोडवण्यासाठी याच बाईनं लग्नानंतर माहेरी जाऊन बसण्याची धमकी दिली होती. पण खर्रा तोंडात असलेला माणूस बोलू शकत नाही, फक्त हुंकार देऊ शकतो, हे विदर्भात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी आणला. मामीजींनी स्वतःच्या हातानं पुडी सोडून नवऱ्यापुढे धरली. मामाजी बायकोकडे, मग पुडीकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी गालभर खर्रा भरला.

बागायतदार आले, घर फिरले. मामाजी गाल फुगवून सोबत. "पाण्याची सोय?" "हूं." "शेजार बरा आहे न?" "हूं." मामीजी पदराआड देवाचं नाव घेत होत्या. सगळं सुरळीत चाललं होतं. जाता जाता बागायतदारांची बायको अंगणात थांबली आणि आनंदानं म्हणाली, "अवो, या कोपऱ्यात आपल्या संत्र्याची दोन कलमं लावू. पोराइले घरची आठवण येणार नाही."

मामाजींच्या घशातून एक विचित्र आवाज आला. ते तरातरा फाटकाबाहेर गेले, तोंड मोकळं केलं आणि परत आले. "संत्रा नका लावू बाई! मुळ्या सडतीन त्याच्या. दोन पावसाळ्यांत मरून जाईन!" आणि मग धरण फुटावं तसं सगळं बाहेर आलं. तळं, गाळ, न उतरणारं पाणी, सरकणारी भिंत, बेडूक. वर गिरमिट आणून शंखसुद्धा काढून दाखवले. मामीजी ओट्यावर बसल्या आणि त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून भिंतीकडे तोंड केलं. मला मामाजींचा इतका राग कधीच आला नव्हता.

बागायतदार मात्र शांतपणे ऐकत होते. मामाजी दमून थांबल्यावर म्हणाले, "मंग काढून टाकू न! घर तर तसंही पाडाचंच आहे मले. जेसीबी लावतो, खाली मुरूम लागेपर्यंत सारा गाळ काढतो, वरून मुरूम भरतो. झालं!"

या गाळाला नावं ठेवणारे मामाजींना शेकड्यांनी भेटले होते, पण तो उचलून नेता येतो हे कुणी त्यांच्या तोंडावर म्हटलं नव्हतं. ते गिरमिटाच्या टोकावरची राखाडी माती बोटांनी चोळत उभे राहिले. मग त्यांनी मामीजींकडे पाहिलं. त्या अजून भिंतीकडेच बघत होत्या. मामाजी अगदी बारीक आवाजात म्हणाले, "काढा."

दिवाळीआधी ती दोघं फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि नंतर लवकरच घर पाडून गाळ काढायला जेसीबी आला. त्या दिवशी मामाजी भाचीच्या लग्नात शिवलेला सूट घालून हजर होते. इतकी वर्षं गिरमिटानं टीचभर टीचभर पाहिलेला गाळ त्यांना आता भिंतीएवढा दिसणार होता. खड्डा पुरता खणून झाला तशी त्यांनी जेसीबी थांबवायला लावला, खड्ड्यात उतरले आणि घरून आणलेल्या उलथण्यानं मातीची उभी भिंत तासून गुळगुळीत केली. एकावर एक बारीक थर, वहीची पानं रचावीत तसे. एक राखाडी, एक काळसर, परत राखाडी. मामाजींनी तिथूनच सगळ्या नातेवाइकांना फोन लावले, जणू वर्षानुवर्षं बंद असलेल्या देवळाचं दार उघडलं होतं. "काका, बाजूले व्हा न," असं आधी ओरडणारा ड्रायव्हरही खाली उतरून पाहू लागला.

मामीजींना मी हात धरून नेलं. नवऱ्यानं आयुष्यभर इतक्या खड्ड्यांवर बोलावलं, पण त्या एकदाही गेल्या नव्हत्या. खड्ड्याच्या काठावर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मामाजी खालून उत्साहानं एकेक थर दाखवत होते. "हे पाह्य, एक पावसाळा! हा दुसरा! अन् हा तांबूस, इथं तळं आटलं असन, हवा लागली, गंज चढला."

मामीजींनी विचारलं, "अन् आपण कुठं आहो यात?"

मामाजींनी वर पाहिलं. उलथणं हातातच राहिलं. "आपला नाही बनत वं थर," ते म्हणाले. "थर बनाले पाणी निवांत बसू द्या लागते. आपण तर झाडतच राहिलो."

मामीजींनी मला खालून एक मोठं ढेकूळ आणायला सांगितलं आणि ते पदरात घेतलं. "कुंडीत टाकीन," त्या म्हणाल्या.

मामाजी घाबरले. "अवं, तुळशीत नको टाकू! तुळस मरून जाईन. निचरा नाही होत या मातीचा."

"मले माहीत आहे," मामीजी म्हणाल्या. "तुमच्या घरात दिवस काढले मी. नुसतीच ठेवतो. तिच्यात काही लावत नाही."

संध्याकाळपर्यंत टिपरनं सगळा गाळ नेला, कुठं टाकला कोण जाणे, आणि दुसऱ्या दिवशी मुरूम आला. मामीजींचे गुडघे आता बरे आहेत. त्या लिफ्टनं उतरून भाजी आणायला एकट्या जातात. बाल्कनीत तुळस आहे, शेवंती आहे, आणि मधे एक कुंडी आहे जिच्यात काहीच उगवत नाही. मामाजी रोज सकाळी तिच्यात तांब्याभर पाणी ओततात आणि स्टूल घेऊन समोर बसतात. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा ते तसेच बसले होते. आतून मामीजींनी विचारलं, "अवो, उतरलं का?"

"थेंबभर नाही!" मामाजी म्हणाले.

मामीजी हात पुसत बाहेर आल्या आणि दुसरं स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. मला चहा विचारायचं दोघंही विसरली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.