मीनलच्या लॅपटॉपवरचं नेट

"आई, माझ्या लॅपटॉपवरून मैत्रिणीच्या कॉम्प्युटरला नेट देऊ का?" लेकीनं विचारलं आणि मला लातूरची ती उकाड्याची खोली आठवली.

बारावीच्या क्लाससाठी मी नायगावहून आलेली, माझ्या खोलीत राहणारी मीनल नांदेडहून. इंटरनेटची वायर तिच्या लॅपटॉपला होती. माझ्या जुन्या कॉम्प्युटरला ती तिथूनच, बिनवायरचं नेट द्यायची. क्लासात मार्कांप्रमाणे बॅच पाडलेल्या; ती पहिल्या बॅचला, मी तिसऱ्या.

त्या दुपारी चाचणीचा निकाल लागला. माझं पान हळूहळू उघडत होतं, तोवर मीनल ओरडली, "पहिली आले गं!" आणि घरी फोन करायला बाहेर पळाली. माझ्या पोटात असं दुखलं की मी उठून तिचा तापलेला लॅपटॉप खाडकन मिटला. वळून बघते तर माझंच पान अर्ध्यात अडकलेलं. नाव आलं होतं, मार्क नव्हते.

मीनल परत आली. "बंद कसा काय पडला की," म्हणत तिनं नेट चालू केलं आणि माझ्याशेजारी बसली. "बघ, तुझे बी लई वाढलेत!" तिला खरंच आनंद झाला होता. तेच मला सोसवेना.

लेक उत्तराची वाट पाहत होती. 'दे की' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "तिला मार्क किती पडतात?"