समोरच्या घरी जायचा रस्ता

मंडळी, परभणी वाढतेय, म्हणून वाहतुकीचा आराखडा होणार आहे. आज सकाळी आमच्या दारासमोर एक गृहस्थ त्यासाठी वाहनं मोजत उभे होते.

रस्त्यापलीकडे माझी मैत्रीण नसीमआपा राहते. मध्ये दुभाजक झाल्यापासून तिच्याकडे जायला पार चौकातून वळसा पडतो. गुडघे दोघींचेही गेलेत. तिचा डबा कधीचा माझ्याकडे अडकला होता. भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून आज धपाटे केले, तिला फोन केला आणि बाहेर पडले.

"चालणारी माणसं मोजता का हो?" मी त्या गृहस्थांना विचारलं.

"न्हाई काकू, फक्त गाड्या."

कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली सभ्यता मी बाजूला ठेवली. "मग आम्ही काय विजेचे खांब आहोत?"

पलीकडून आपा ओरडली, "भांडण बस कर गं, धपाटे गार व्हायलेत!"

ते गृहस्थ हसले. माझ्याकडून डबा घेऊन, दुभाजक ओलांडून तिला देऊन आले.

तिने तिथेच एक घास खाल्ला. "मीठ कमी हाय!" ट्रकच्या आवाजातून ओरडून तिने मला कळवलं.

हे मला तिच्या ओट्यावर, तिच्या शेजारी बसून ऐकायचं होतं.

तुमच्या गावच्या आराखड्यात मैत्रिणीकडे जायला वाट ठेवलीय का?