अर्धी बातमी

कामरगावच्या स्टँडवर तो पेपर विकायचा. एसटी थांबली की खिडकीखालून अर्धीच बातमी ओरडायचा, "इंझोरीच्या विहिरीत काय सापडलं, पाहा." आत वाचावं तर पडलेली म्हैस, तीही जिवंत. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घ्यायचो. कुठं थांबायचं हे त्याला नेमकं कळायचं.

"पुरी सांगतली तं पेपर कोन घेईन?" तो हसून म्हणायचा.

एका सकाळी तो ओरडला, "रिसोडची गाडी नाल्यात," आणि थांबला. शेजारी वांगी विकणाऱ्या बाईची लेक आदल्या दिवशी त्याच गाडीनं गेली होती. बाईला वाचता येत नव्हतं. टोपली तशीच टाकून ती रिसोडच्या रस्त्यानं पळत सुटली. एक पेपर हातात ठेवून, बाकी गठ्ठा फेकून हाही मागं धावला. मीही मागोमाग वाटेतल्या पुलाजवळ पोचलो, तेव्हा तो धापा टाकत तिला वाचून दाखवत होता, "सारे वाचले, माय. कोनाले खरचटलंबी नाही." ती खाली बसेपर्यंत त्यानं तेच तीनदा वाचलं.

दुसऱ्या दिवसापासून तो शेवट आधी सांगू लागला. "कोनी मेलं नाही, आग इझली, कापसाच्या जिनिंगले आग लागली होती." लोक फुकट ऐकून खिडकीतून हात आत घेत.

सगळं कळूनही मी पेपर घ्यायचो.