पार्टीचं लुगडं

मे महिन्यात कर्जतच्या आमच्या बंगल्यावर पार्टी ठेवायची आणि झाडून सगळ्या बायकांनी नऊवारी लुगडी नेसायची, हे खूळ माझंच. नायलॉनच्या साड्यांची फॅशन जोरात होती, तरी आम्हा मुंबईच्या बायकांना एका दुपारपुरतं शेतकरीण व्हायचं होतं. नेसता मात्र एकीलाही येईना. म्हणून कडावहून रोज दूध घालायला येणाऱ्या बाईला बोलावलं. तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं.

ती आली तीच गुलाबी नायलॉनच्या साडीत, तोंडाला पावडर लावून. एकेकीचा कासोटा खसकन आवळायची आणि म्हणायची, "आता बसा उकिडव्या." आम्ही बसत कुठल्या, कोलमडतच होतो.

"तू नाही नेसलीस लुगडं?" मी विचारलं.

"ते कामाचं. आज पार्टी हाय ना?"

शेवटचीला नेसवून झाल्यावर ती पंख्याखालच्या वेताच्या खुर्चीत ऐसपैस बसली. आम्हा सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली.

"कामाची लुगडी तुमी नेसलात. मंग सरबत आणा की कुणीतरी."

सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. यजमानीण मीच होते. निऱ्या पोटाशी घट्ट धरून मी स्वयंपाकघराकडे निघाले.

"बर्फ घाला गं बाई," मागून तिचा आवाज आला.