जिनोआ, दुब्रोव्हनिक आणि रवळनाथाचा कौल

आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाची सहल मी एकट्यानेच केली.

बायको हयात आहे, ठणठणीत आहे आणि (हे लिहीत असेपर्यंत तरी) माझीच आहे. तरी गेलो एकटा! कसा, ते ऐका.

सुलभा देवगडकडची, मी अमरावतीचा. नोकरीपायी येऊन पडलो चंदीगडला. इथे पाण्याच्या नावाने एक तळं आहे, तेही माणसांनी खणलेलं. एवढी वर्षं सुलभा त्या तळ्याकाठी उभी राहते, "हं, आहे आपलं," म्हणते आणि घरी येते. तिचे बाबा मालवाहू बोटींवर होते. गेल्या हिवाळ्यात ते गेले. इथे धुकं असं दाटलेलं की एकामागून एक विमानं रद्द. ही विमानतळावर बसून राहिली आणि तिकडे सगळं उरकलं. त्याच्या आधी थोडेच दिवस ते फोनवर तिला म्हणाले होते, "बाय, एकदा जिनोआचो धक्को बघून ये गो. माझी अर्धी जवानी थंयच गेली."

हे तिने आमच्या मुलीला, गार्गीला सांगितलं होतं. मला नाही. मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे माझ्यावर वेळेवर चिडता येईल.

मला का नाही सांगितलं? कारण तिसाव्या वाढदिवसाच्या सहलीला तिने जिनोआचं नाव काढलं, तोवर मी दुब्रोव्हनिकच्या तटबंदीवर चढून बसलो होतो. मोबाईलवर, अर्थात!

"अगं, काय तट आहे बघ! समुद्रात पाय सोडून बसलाय नुसता!"

"तटच बघायचा तर आमचा विजयदुर्ग काय वाईट आहे?"

"मग तुझ्या जिनोआत काय आहे?"

"धक्का आहे."

"बोटींचा धक्का बघायला एवढ्या लांब जायचं?"

तिने डोळ्याला पदर लावला. (इथे कुठल्याही शहाण्या नवऱ्याने विचारलं असतं, काय झालं? मी तिला तटाचा आणखी एक फोटो दाखवला.)

गार्गीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. "पापा, मम्मी से एक बार ठीक से पूछो ना, यार!"

"विचारलं की! म्हणाली, तुम्ही म्हणाल तिथे."

"पापा, उसका मतलब 'नहीं' होता है."

घरात असं मळभ धरलं की आमटीसुद्धा गप्प उकळायची. शेवटी सुलभाच म्हणाली, "मी गावी दादाला सांगते. रवळनाथाला कौल लावू दे. देव म्हणेल तिथे जाऊ."

कौल म्हणजे काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते ते बघायचं. मी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे तोंड उघडणार होतो. मग विचार केला, देवापुढे निदान निम्मी निम्मी शक्यता आहे. घरात तेवढीही राहिली नव्हती! ठरलं: उजवी पाकळी पडली तर दुब्रोव्हनिक, डावी पडली तर जिनोआ.

व्हिडिओ कॉल लागला. दादा मूर्तीसमोर मोबाईल धरून उभा. गुरवाने हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ही तुझी लेक चंदीगडाक असा. तिका आणि तिच्या घोवाक परदेशात दर्याकाठच्या गावाक जावचा असा..."

"व्हय म्हाराजा!" मागून चार-पाच जण ओरडले.

"एका गावाचा नाव जिनोआ..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि दुसऱ्याचा नाव दु... दुब... तो दुसरो गाव!"

"व्हय म्हाराजा!"

आम्ही दोघं मोबाईलवर वाकून बसलो. एक पाकळी हलली, लोंबली आणि पडली. माझ्या उजव्या हाताला! मी मनातल्या मनात उडी मारली. तेवढ्यात रेंज गेली आणि दादा तोंड उघडा टाकून तसाच गोठला.

सुलभाचे डोळे भरून आले. "दिल्यान हो देवानं!"

"मग? करू बुकिंग?"

"करा. पण तिकिटं हातात येईपर्यंत गावाचं नाव कुणी काढायचं नाही. दृष्ट नको. आधीच एकदा माझं विमान धुक्यात गेलंय."

मला भरून आलं. स्वतः हरून माझ्यासाठी आनंदाश्रू ढाळणारी बायको कितीजणांना मिळते? दुसऱ्याच दिवशी सेक्टर बावीसमधल्या एजंटाकडे धावलो.

"अंकलजी, ये सस्तीवाली टिकट है, पैसा वापस नहीं मिलेगा. पक्का?"

"पक्का! भगवान से पूछ के आया हूँ!"

रविवारी शेजारचे कर्नलसाहेब आणि वहिनी जेवायला होते. श्रीखंड वाढून झाल्यावर मी पाकीट काढून सुलभाच्या हातात दिलं. टाळ्या झाल्या. तिने तिकीट वाचलं. परत वाचलं.

"हे काय आहे?"

"दुब्रोव्हनिक! देवाने दिलं ना?"

"देवाने जिनोआ दिलं."

"अगं, असं काय करतेस? उजवी पाकळी पडली!"

"कुणाच्या उजवीकडची?"

"माझ्या!"

"कौल देवाला लावला होता की तुम्हाला?"

मूर्ती आपल्याकडे तोंड करून असते. तिचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. देवगडातलं शेंबडं पोरही हे सांगेल. आणि मी? उजव्या हाताचा नियम दर वर्षी फळ्यावर मीच काढतो!

कर्नलसाहेबांनी आयुष्यात बरंच काही पाहिलं असेल, पण ते वाटीत डोकं घालून बसले. सुलभा शांतपणे म्हणाली, "श्रीखंड घ्या हं अजून," आणि आत गेली. स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ बंद झाला नाही. पाहुणे गेल्यावर गार्गीने मला सुलभाच्या बाबांचा तो फोन सांगितला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सोफ्यावर बसलो तो बसलोच.

सकाळी एजंटाचे पाय धरले. "अंकलजी, नाम चेंज नहीं होगा, शहर चेंज नहीं होगा," तो म्हणाला, "आप मूड चेंज कर लो."

शेवटी गार्गीने आपल्या पैशांनी दोघींची जिनोआची तिकिटं काढली. मी म्हटलं, "मीही येतो."

"नको," सुलभा म्हणाली. रागाने नाही, हेच वाईट. "तुमच्यासमोर मला रडता येत नाही. मी डोळ्याला पदर लावला की तुम्ही माहिती सांगायला लागता."

खरं होतं. त्या दिवशी विमानतळावर तिकडचं सगळं उरकल्याचा फोन आला, तेव्हा मी तिला धुकं कसं तयार होतं ते समजावलं होतं.

तिकीट वाया घालवणं आमच्या घराण्यात बसत नाही, म्हणून मी दुब्रोव्हनिकला निघालो. व्हिसाच्या अर्जात कारण लिहिलं होतं, 'लग्नाचा वाढदिवस'. प्रवासी, एक. खिडकीतली मुलगी म्हणाली, "सर, और मॅम?"

"मॅम दूसरे शहर में हैं."

"ओह!" ती हळूच म्हणाली, "सब ठीक हो जाएगा जी."

विमानात शेजारची सीट सुलभाची. रिकामी! दुब्रोव्हनिकच्या तटावर पाऊस आणि जोडपी. प्रत्येक जोडप्याने फोटो काढायला मलाच गाठलं. नेमका लग्नाचा वाढदिवस. संध्याकाळी भिजून एका हॉटेलात शिरलो, मेन्यूवर कुठेतरी बोट ठेवलं आणि समोर आला अख्खा ऑक्टोपस! मी वऱ्हाडातला माणूस, साधा बांगडा बघूनही दचकतो. पहिला घास कसाबसा तोंडात घातला, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला.

सुलभा धक्क्यावर उभी होती. मागे मोठमोठ्या बोटी. ती पोटभर रडली, मी चकार शब्द काढला नाही. मग नाक पुसत म्हणाली, "बाबा इथेच कुठेतरी उभे राहत असतील, नाही?" आणि थोडं थांबून, "तुम्ही यायला हवं होतं हो."

फोन बंद झाला आणि मी ताटावर वाकून हमसाहमशी रडायला लागलो. वेटरला वाटलं, ऑक्टोपस काळजाला भिडला. तो धावत आत गेला, आचाऱ्याला घेऊन आला आणि दोघांनी मिळून माझ्यापुढे दुसरी प्लेट ठेवली. फुकट! वर मी खातोय का ते बघत उभे राहिले. मी खाल्ला, रडत रडत. तेव्हा त्या आचाऱ्याने मला घट्ट मिठी मारली. लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला मला मिळालेली ती एकमेव मिठी.