आकड्याला टांगलेली पिशवी

घोटावड्याच्या त्या छोट्या हॉस्पिटलात आक्का सिस्टर कुणावर चिडल्या, की बाहेर थांब्यावर एसटीची वाट पाहणारी माणसं गप्प होत. रिहे गावच्या भातखाचरांत या बांधावरून त्या बांधाला हाका मारून कमावलेला आवाज तो. ‘हळू बोललं की लोक नुस्ती मान हलवत्यात,’ असं त्यांचं म्हणणं.

मी हिंजवडीत नोकरी करणारा, मूळचा वऱ्हाडातला. मित्रांबरोबर एक यंत्र बनवलं होतं. सलाईनच्या स्टँडच्या आकड्याला ते बसवायचं. ते बाटलीचं वजन मोजतं आणि बाटली संपत आली की सिस्टरच्या टेबलावर घंटी वाजते. वॉर्डात ते लावलं तेव्हा आक्का खूश झाल्या. ‘लई ब्येस केलंस, इंजिनेर. माझ्या पोरींच्या पायाला जरा उसंत मिळंल.’

मोठ्या डॉक्टरांनाही यंत्र आवडलं, पण त्यांचा हिशेब निराळा होता. ‘आता मशीन लक्ष ठेवेल. वॉर्डात दोन सिस्टर कशाला? एक पुरे.’ मी मान खाली घालून यंत्राचे स्क्रू आवळत राहिलो.

दुसऱ्याच दिवशी कोळवणच्या एका म्हाताऱ्या पेशंटला भेटायला सून आली. जमिनीवर कशाला ठेवायची, म्हणून तिनं डब्याची पिशवी सलाईनच्याच आकड्याला टांगली. आपल्याकडे सगळेच टांगतात. वजन भरपूर, त्यामुळे यंत्र समाधानी. फेरीवरच्या आक्कांनी पाहिलं, तर बाटली रिकामी, नळीत रक्त चढलेलं आणि घंटी गप्प.

त्यांनी आधी नळी बंद केली, आजीबाईंना सांभाळलं आणि मग ती पिशवी तडक मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन आपटली.

‘तुमचं मशीन जेवलंय बघा. पोट भरल्यावर वरडंल कशाला?’

‘पिशव्या टांगू नका म्हणून सांगा लोकांना.’

‘सांगंन की. पर टांगली का न्हाई, ते बघायला माणूसच लागतंय. मशीन ऱ्हाऊ द्या, पोरी बी ऱ्हाऊ द्या.’

‘आक्का, हॉस्पिटल कोण चालवतं?’

‘तुमीच. पर एक जरी पोरगी कमी केली, तर मी फाटकाशी उभी ऱ्हाईन आन् येणाऱ्या परत्येकाला सांगंन, आत बघायला कोण न्हाई म्हणून.’

डॉक्टरांनी खिडकीतून एसटीच्या थांब्याकडे पाहिलं. तो विषय पुन्हा निघाला नाही. पिशव्यांसाठी मी स्टँडला खाली वेगळा आकडा लावला. त्याला अजून ‘आक्काचा आकडा’च म्हणतात.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी आक्का त्याच वॉर्डात पेशंट म्हणून आल्या. आवाज पार बसलेला. मला ते ऐकवेना. मी शेजारी बसलो असताना घंटी वाजली आणि दोघी सिस्टर लगबगीनं आल्या. आक्कांनी मला दोन बोटं दाखवली.

‘दोघी हायेत,’ त्या कुजबुजल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

परवा तिथल्या नव्या मॅनेजरनं मला फाटकाशी गाठून विचारलं, ‘सर, तुमचं मशीन आहे, मग एक सिस्टर कमी करू या का?’

‘न्हाई!’ मी म्हणालो.

थांब्यावरच्या माणसांनी वळून पाहिलं.