थोरल्याचा वाटा

माझी भावजय उस्तिन्या हिला गोड बोलता कधी आलं नाही, पण मांस शिजवावं तर तिनेच. मी नणंद असून हे म्हणते, यावरून काय ते समजा. ओल्दो नदीकाठच्या आमच्या वस्तीत कुणालाही शिकार मिळाली, की ती तिच्या दारात येऊन पडायची. मारणाऱ्याने आपल्या शिकारीचे वाटे स्वतः करायचे नाहीत, दुसऱ्याच्या हाती सोपवायचे, अशी आमच्यात रीत आहे. ज्याच्या हाती सोपवलं तो प्रत्येक चुलीला वाटा पाठवतो, मारणाऱ्यालाही इतरांइतकाच. उस्तिन्याच्या वाट्याला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. स्वतःच्या घराला ती सगळ्यात शेवटी ठेवायची, आणि बहुतेक हाडकंच. माझा भाऊ जिवंत होता तोवर यावरून कुरकुरत असायचा.

आमच्याकडे शिकार म्हणजे एकच. घोड्याहून उंच असं ते हरणाच्या जातीचं जनावर, पुस्तकात त्याला एल्क म्हणतात. मीही इथे नुसतं लिहिते आहे, तोंडाने म्हणत नाही. जंगलात किंवा चुलीपाशी त्याचं नाव घ्यायचं नसतं. त्याला दूरवरचं ऐकू येतं, आणि तो आपणहून येतो, आपण त्याला आणत नाही, असं म्हातारे सांगत. म्हणून आम्ही त्याला थोरला म्हणायचो. थोरला आला, थोरला मिळाला, थोरल्याचं काळीज बाळंतिणीला द्या, असं आमचं बोलणं.

उस्तिन्याच्या घरात आणखी एक थोरला होता, तिचा मोठा मुलगा. माणसांची नावंही आम्ही तोंडाने घेत नाही, इथे लिहिताना तेवढी घेते. नाव एकदा शाळेच्या दाखल्यावर लागतं आणि मग एकदम थडग्यावरच्या क्रुसावर. मधली सगळी वर्षं माणूस थोरला, धाकटा, बुटका, डावरा असाच जगतो. तर हा थोरला लहान असताना आई म्हणायची, आज थोरला कापायचाय, सुऱ्या लावून ठेवा. की हे पोरगं बाकाखाली जाऊन बसलंच. मी त्याला पायाला धरून बाहेर ओढायची आणि म्हणायची, चल, मांडीचा तुकडा आत्याचा. सगळं घर हसायचं. पुढे तोही हसायला लागला.

उस्तिन्याची कापण्याची पद्धत ठरलेली. आधी ती मागच्या पायाची नळी फोडायची. आतला मगज पांढरा आणि लोण्यासारखा घट्ट निघाला, की कच्चाच बोटाने काढून पहिला घास म्हाताऱ्यांना द्यायची आणि मग बाकीच्या जनावराला हात घालायची. छातीचं मांस गार पाण्यात घालून चढवायचं, मीठ बेताचं, आणि हाडापाशी थोडा गुलाबी रंग असतानाच उतरवायचं. डोक्यावरचे केस जाळून डोकं मंद आचेवर दिवसभर ठेवायचं, मग वरचा ओठ इतका मऊ होतो की बिनदाताच्या माणसालाही चालतो. उरलेल्या मांसाच्या पट्ट्या धुरावर वाळवायच्या, कुटायच्या आणि चरबीत कालवून प्रवासासाठी ठेवायच्या. मी एकदा चरबी कमी घातली तर म्हणाली, "नणंदबाई, माणसाला मारायचंच असेल तर कुऱ्हाड घ्या, एवढा वेळ कशाला काढता?"

तिचं खरंच होतं. हिवाळ्याच्या शेवटी मिळालेल्या जनावराच्या नळीतून कधीकधी लाल, पातळ, थरथरणारं काहीतरी निघतं. उस्तिन्या त्याला रिकामा म्हणायची. रिकाम्याचं मांस दिसायला लालबुंद, शिजायलाही पटकन शिजतं, पण अंगात चरबीचा टिपूस नसतो. असं नुसतं मांस माणूस रोज खात राहिला, तर जितकं खावं तितकी भूक लागते. पोट फुगतं, ढाळ लागतात, गाल आत जातात, आणि भरल्या हंड्याशेजारी माणूस उपाशी मरतो. सशाचं मांस तर याहून वाईट. म्हणून अस्वलाच्या चरबीचा डबा दिल्याशिवाय ती कुणाला जंगलात पाठवत नसे.

त्या साली थोरला एकटाच नदीच्या वरच्या अंगाच्या झोपडीवर सापळे लावायला गेला. आईने डबा बांधून दिला. घसरगाडी आधीच जड झाली होती, हा कुरकुरला, आईने दोन शब्द सुनावले, आणि तो डबा घेऊन गेला. निदान आम्हाला तसं वाटलं. मग थंडी ओसरली, सरपणाच्या ढिगावरचा बर्फ खचला आणि ढिगामागे तो डबा दिसला. दोरीसकट, जसाच्या तसा. पठ्ठ्याने आईची पाठ वळल्यावर तिथे लपवला होता.

उस्तिन्या डबा मांडीवर घेऊन बसली. त्या वर्षी जंगलात ससे अतोनात झाले होते आणि मोठं जनावर कुणालाच दिसलं नव्हतं. थोरल्याने परत यायची वेळ टळून गेली होती. तिने धाकट्याला आणि म्हाताऱ्या गेरासिमला रेनडिअर जोडून पाठवलं. नदीवरचा बर्फ फुटायच्या आत त्यांना पोचायचं होतं. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तो ससे खात असेल." मी म्हटलं, खात असेल तर जिवंत असेल. तिने माझ्याकडे एक नजर टाकली आणि काठाकडे निघून गेली.

गेरासिम एकटाच पुढे परत आला. ऊन कलतं होतं. बर्फ मऊ झाल्यामुळे तो पलीकडच्या काठावरच थांबला आणि तिथून त्याने हाक दिली. गेरासिमला ऐकू कमी येतं, त्यामुळे त्याचा आवाज साऱ्या वस्तीला ऐकू जातो.

"अगं ए, थोरला मिळाला."

वहिनी काठापर्यंत धावत गेली आणि तिने विचारलं, "चालतोय का?"

"नाही, गाडीवर घातलाय. धाकटा घेऊन येतोय. फार वाळलाय गं."

वाळलेला का असेना, मिळाला होता. उस्तिन्या रडली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला मिठी मारली आणि लगेच ढकलून दिलं, की उभी काय राहिलीस, पाणी आण. जपून ठेवलेल्या नळ्या तिने फोडल्या, उकळीला लावल्या, वर अस्वलाची चरबी सोडली. पहिल्या दिवशी चमचा चमचाच द्यायचा, मागितलं तरी जास्त नाही, असं मला दहादा बजावलं. अंथरूण चुलीजवळ ओढलं. बायका दारात जमल्या.

सावल्या लांबल्या, बर्फ पुन्हा घट्ट झाला आणि गाडी अलीकडे आली. वर कातडं पांघरलेलं होतं. त्याखालचा उंचवटा खूप मोठा होता, माणसाच्या मानाने फारच मोठा. तरी उस्तिन्या पुढे झाली, कातडं बाजूला केलं, आणि खाली थोरला होता. चार पायांचा.

गेरासिमची चूक म्हणावी तर नाही. झोपडी रिकामी मिळाली, राख गार होती, ताज्या बर्फावर माणसाचा माग नव्हता. परत येताना हे जनावर वाटेत उभं दिसलं. पळालं नाही. धाकटा बंदूक उचलेपर्यंत तसंच बघत राहिलं. वस्ती भुकेली होती, त्यांनी मारलं. आणि शिकारीची खबर द्यायचे आमचे शब्द ठरलेले आहेत. मांस चुलीपाशी पोचेपर्यंत खबर आणणाऱ्याने दुसरा कुठलाही विषय काढायचा नसतो. गेरासिम उभा जन्म ते शब्द बोलत आला, तोंडाला वळण पडलेलं. आपण काय बोललो हे त्याला दारातून चुलीजवळचं अंथरूण पाहिल्यावर कळलं. तो तिथेच बर्फावर बसला.

उस्तिन्याने कुणाला शिवी दिली नाही. शिकार तिच्या हाती सोपवली होती. तिने सुरी मागितली.

नळी फोडली तर आतून लाल पाणी आलं. मूत्रपिंडं उघडी पडलेली, भोवती पातळसुद्धा चरबी नाही. मग उजव्या खांद्यात सुरी कशाला तरी अडली. तिने बोटं घालून शिशाची गोळी काढली, बर्फाने पुसली आणि उजेडात धरली. गोळीच्या बुडाला फुलीची खूण होती. थोरला आपल्या गोळ्या स्वतः ओतायचा आणि सुरीने अशी फुली मारायचा. जखम भरत आली नव्हती, अजून ओली होती.

"हा माझ्या पोराला भेटून आलाय," ती म्हणाली. "जिथे उभा होता तिथून त्याचा माग उलटा धरा. आत्ता निघा."

धाकटा निघाला, गेरासिम रडतरडत त्याच्या मागे. तिने चरबीचा डबा त्यांच्याबरोबर दिला. त्यातली थोडी चरबी तेवढी मागे ठेवली. मग तिने वाटे केले. मुलगा सापडेपर्यंत थांब, असं मी म्हणायला गेले. ती म्हणाली, पोरं घरोघर उपाशी आहेत, त्यांना काय सांगू? प्रत्येक वाट्यावर चरबीचा एक गोळा ठेवून तिने मांस वाटून टाकलं. त्या संध्याकाळी साऱ्या वस्तीतून शिजल्याचा वास येत होता. मीही खाल्लं. चव होती, पण घास खाली उतरला की पोटात गार वाटायचं, आणि माझी भूक काही केल्या जाईना. शेजारणीही तेच म्हणत होत्या. आम्ही भांडी पुसूनपुसून खाल्ली आणि एकमेकींकडे बघणं टाळलं.

थोरला सापडला. माग त्यांना झोपडीच्या पुष्कळ वर, झाडाच्या सालींच्या एका पडक्या खोपटापर्यंत घेऊन गेला. आत तो बसला होता, चुलीवर सशांनी भरलेला हंडा, आणि हा खात होता. धाकट्याला पाहूनही खायचा थांबला नाही. त्यांनी हंडा ओढून घेतला तेव्हा लहान मुलासारखा रडला. त्याला आणलं तेव्हा ओठाला चरबी लावलेली होती आणि तो झोपलेला होता. या खेपेला गेरासिम आधी आला नाही. कोणते शब्द वापरायचे, हे त्याला सुचलं नसावं.

उस्तिन्याने पोराला पुसून काढलं. मी दिवा धरला होता. उजव्या खांद्यावर काळानिळा डाग होता, तळहाताएवढा. बंदुकीचा दणका, मी म्हटलं. जुनी बंदूक लाथ मारते, त्याने दिवसभर उडवली असेल. वहिनीने डागावर चरबी चोळली.

कित्येक दिवस चमचा चमचा देऊन तिने त्याला माणसात आणलं. बोलायला लागल्यावर त्याने मला सांगितलं, की तिथे तो एकटा नव्हता. थोरला रोज यायचा. खोपटाच्या दारासमोर उभा राहायचा, बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला. "आत्या, मी खायचो आणि तो बघायचा. मग मला वाटायला लागलं की मीच बाहेर उभा आहे आणि आत दुसरं कुणी खातंय." एकदा न राहवून त्याने गोळी झाडली, नेम चुकला, खांद्याला लागली. जनावर पळालं नाही. वळलं आणि सावकाश खालच्या अंगाला, वस्तीच्या दिशेने चालायला लागलं. "मला बरं वाटलं," तो म्हणाला. "म्हटलं, चला, घरी चाललो."

मी हे वहिनीला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको होतं, अजून कळत नाही.

तो उठून बसायला लागला, त्या दिवशी तिने त्याचा वाटा काढला. रीतच आहे, पहिली गोळी त्याची होती, त्याचा वाटा तिने धुरावर जपून ठेवला होता. मऊ शिजवला, वर चरबी सोडली आणि वाडगा त्याच्या हातात दिला. घरात मी, धाकटा आणि ती. त्याने वास घेतला.

"कुणाचं?"

"थोरल्याचं," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? जन्मभर तेच म्हणत आली होती.

तो वाडग्याकडे बघत राहिला. मला वाटलं, लहानपणच्या आठवणीने हसेल. मी तर हसायच्या तयारीतच होते.

"सगळ्यांनी खाल्लं?"

"सगळ्यांनी. प्रत्येक चुलीला गेलं. खा रे थोरल्या, गार होतंय."

त्याने वाडगा अलगद खाली ठेवला. "थोरला तर तुम्ही खाल्लात, आई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, एखादी बातमी सांगावी तसा. "त्या नावाने मला नका बोलावू."

तेव्हापासून तो त्या हाकेला ओ देत नाही. शेजारी असला तरी मान वळवत नाही, आपल्याला कुणी हाक मारली हे त्याला कळतच नाही. धाकट्याने चिडून हाक मारून पाहिली, मी लाडाने मारून पाहिली. बाकी सगळं ठीक आहे. सरपण फोडतो, जाळी विणतो, माझ्या छपराची डागडुजी करतो. उजवा खांदा जरा पाडून चालतो. आमच्या वस्तीत जनावराला आता कुणी काहीच म्हणत नाही, नुसतं आलाय म्हणतात.

राहिली उस्तिन्या. अजूनही वाटे तीच करते, नळी तीच फोडते, आणि माझी चरबी अजूनही तिला कमी वाटते. पण जेवणाची वेळ झाली की ती दारात जाते आणि चौकट धरून उभी राहते. आई म्हणून पोराला हाक तर मारायला हवी, आणि तिच्याजवळ आता एकच नाव उरलं आहे, क्रुसासाठी ठेवलेलं.

"इनोकेंती," ती बोलावते, "ये बाळा, जेवायला ये."

आणि तो येतो.